विहिरीच्या नोंदी मॅक्सिमात: आकडे आणि सूत्र एकाच आलेखावर

आकड्यांचा आलेख काढायला स्प्रेडशीट पुरते, मग बीजगणित करणारे सॉफ्टवेअर कशाला? प्रश्न रास्त आहे. नुसते बिंदू जोडायचे असतील तर खरेच गरज नाही. पण मोजलेले बिंदू, त्यांच्यामागचे सूत्र आणि त्या सूत्रातले स्थिरांक काढण्याचे गणित एकाच जागी हवे असेल, तर मॅक्सिमासारखे फुकट सॉफ्टवेअर हाताशी असलेले बरे. त्याच्या मूळ सॉफ्टवेअरचे नावही जवळचेच आहे: १९६८ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुरू झालेले मॅकसिमा. त्याची जी आवृत्ती पुढे मॅक्सिमा झाली, ती विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ मधल्या त्यांच्या मृत्यूपर्यंत सांभाळली आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी मिळवली. आलेख मात्र मॅक्सिमा स्वतः काढत नाही. आकडे तयार करून ते नूप्लॉट या दुसऱ्या प्रोग्रामकडे देते. हे लक्षात ठेवा, कारण निम्म्या तक्रारी या दोघांच्या मधल्या सांध्यातल्या असतात.

उदाहरण म्हणून वावरातली विहीर घेऊ. दिवसभर ओलीत करून संध्याकाळी सहाला मोटर बंद केली. पाणी रात्रभर कसे चढते, ते मोजायचे आणि त्यावरून विहीर तासाला किती पाणी देते ते काढायचे. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. रीत शिकून झाली की आपल्या विहिरीचे घाला.

आज्ञा कशा वाचायच्या

या लेखात सगळ्या आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायच्या. जिथे स्पेलिंग चुकण्याची शक्यता आहे तिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि १२ असे देवनागरी अंक पडले, तर मॅक्सिमा त्यांना संख्या मानत नाही. पडद्यावर सगळे बरोबर दिसते आणि आलेख मात्र येत नाही.

बसवणे

विंडोजसाठीच्या एकाच फाइलीत मॅक्सिमा, नूप्लॉट आणि डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा ही तिन्ही येतात. डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा म्हणजे आपण ज्या खिडकीत लिहितो ती. फाइल शंभर एमबीहून मोठी आहे. गावात मोबाइलच्या नेटवर अर्ध्यात तुटते, तेव्हा तालुक्याला गेल्यावर पेनड्राइव्हवर घेऊन येणे सोपे. उबुंटूवर तिन्ही पॅकेजे वेगवेगळी मागून घ्या. नूप्लॉट राहून गेला तर गणित चालेल, चित्र येणार नाही.

पहिल्यांदा उघडताच विंडोजचा फायरवॉल परवानगी विचारतो. घाबरून नकार देऊ नका. खिडकी आणि आतले गणिताचे इंजिन एकाच संगणकावर असले तरी नेटवर्कच्या वाटेने एकमेकांशी बोलतात, त्यासाठीच तो विचारतो. इंटरनेट लागत नाही. नकार दिलात तर खिडकी उघडते, पण कुठल्याच आज्ञेला उत्तर येत नाही.

सी ड्राइव्हवर 'डेटा' नावाचे एक फोल्डर इंग्रजी अक्षरांत बनवा आणि सगळ्या फाइली तिथेच ठेवा. नावात जागा किंवा मराठी अक्षरे असलेल्या फोल्डरांशी नूप्लॉटचे बरेचदा बिनसते.

चार खुणा आधी पाठ करा

आज्ञा लिहून शिफ्ट धरून एंटर दाबली की ती चालते. नुसत्या एंटरने फक्त ओळ बदलते. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला तर उत्तर दिसते. डॉलरची खूण दिली तर काम होते पण उत्तर छापले जात नाही; आकड्यांच्या लांब यादीला डॉलरच बरा.

किंमत साठवायला अपूर्णविराम वापरतात, म्हणजे दोन टिंबे. बरोबरचे चिन्ह फक्त समीकरण लिहायला आहे. 'टी = [०, १, २]' लिहिले तर मॅक्सिमा ते समीकरण निमूटपणे परत छापते, त्रुटी दाखवत नाही आणि काहीच साठवत नाही. नवख्या माणसाचा पहिला अर्धा तास यातच जातो.

आधी हाताने

काठावर एक जागा ऑइलपेंटने रंगवून ठेवा आणि दर वेळी तिथूनच मोजा. टेपच्या टोकाला वजन बांधा. खालच्या मीटरभर भागाला खडू चोळला की ओल कुठपर्यंत आली ते अंधारातही बॅटरीच्या उजेडात नेमके कळते. मोटर सुरू करण्यापूर्वीची स्थिर पातळी काठापासून ६.४० मीटर होती असे धरू. मोटर बंद झाल्यावर ०, १, २, ३, ४, ६, ८ आणि १२ तासांनी नोंदी घेतल्या:

टी : [०, १, २, ३, ४, ६, ८, १२]$
डी : [९.६०, ९.१२, ८.७१, ८.३७, ८.०८, ७.६१, ७.२८, ६.८६]$

रात्री दहानंतर दर तासाला कोण उठणार? म्हणून अंतरे सारखी नाहीत. इथेच स्प्रेडशीट फसवते. तिथला 'लाइन' प्रकारचा आलेख आडव्या अक्षावरचे तास नुसती नावे समजून समान अंतरावर मांडतो. चार तासांची फट आणि एका तासाची फट सारखीच दिसते आणि वक्राचा आकारच बदलतो. मॅक्सिमा प्रत्येक बिंदू त्याच्या खऱ्या तासावर ठेवते.

आता स्थिर पातळीपासून किती तूट उरली ते काढू:

एस : डी - ६.४०;

यादीतून एक संख्या वजा केली की मॅक्सिमा ती प्रत्येक आकड्यातून वजा करते, वेगळा फेरा लावावा लागत नाही. पहिले उत्तर ३.२ ऐवजी ३.१९९९९... असे लांबलचक दिसेल. चूक नाही. ९.६ आणि ६.४ या संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमक्या बसत नाहीत, तेवढी ती कसर. डोळ्याला खुपत असेल तर 'एफपीप्रिंटप्रेक : ५' (एफ-पी-पी-आर-आय-एन-टी-पी-आर-ई-सी) लिहा. छपाई पाच अंकांत होते, आतली संख्या तशीच राहते.

पहिला आलेख:

डब्ल्यूएक्सप्लॉट२डी([डिस्क्रीट, टी, एस], [स्टाइल, पॉइंट्स]);

'डिस्क्रीट' म्हणजे सुटे बिंदू. स्पेलिंग डी-आय-एस-सी-आर-ई-टी-ई. शेवटी ई-ई-टी लिहिले तर इंग्रजीत तो दुसराच शब्द होतो आणि मॅक्सिमा त्याला ओळखत नाही. कंसात आधी आडव्या अक्षाची यादी, मग उभ्या अक्षाची. दोन्ही याद्यांची लांबी सारखी हवी; शंका असेल तर 'लेंग्थ(टी); लेंग्थ(एस);' करून पाहा. दोन्हीकडे ८ यायला हवेत.

आज्ञेच्या सुरुवातीला 'डब्ल्यूएक्स' (डब्ल्यू-एक्स) लावले की आलेख त्याच पानात येतो. ते काढून नुसते 'प्लॉट२डी' लिहिले की नूप्लॉटची वेगळी खिडकी उघडते. तिथे उंदराने आलेख मोठा करून पाहता येतो आणि टोक एखाद्या बिंदूवर नेले की त्याचे निर्देशांक खाली दिसतात. चुकीचा बिंदू हुडकायला ही वेगळी खिडकी फार कामाची.

स्टाइल न देता काढले तर मॅक्सिमा बिंदू रेषेने जोडून टाकते. मोजलेल्या आकड्यांना ही सवय वाईट. रेषा दिसली की मधल्या वेळेचेही आपण मोजले आहे असा भास होतो. जोडायचेच असेल तर 'पॉइंट्स'च्या जागी 'लाइन्सपॉइंट्स' लिहा, म्हणजे निदान बिंदू तरी वेगळे दिसतील.

तुटीऐवजी पाण्याची खोली काढायची असेल तर 'एस'च्या जागी '-डी' लिहा. उणे लावले की काठ वर, पाणी खाली, आणि पाणी चढले की आलेखही चढतो. गावात कुणाला दाखवायचा असेल तर असाच दाखवा. नाहीतर खोली कमी होताना उतरणारी रेषा पाहून विहीर आटली असे लोक समजतात.

फाइलीतून आकडे घेणे

आठ आकडे हाताने ठीक. पण चार विहिरींच्या महिनाभराच्या नोंदी वहीतून स्प्रेडशीटमध्ये गेल्या असतील, तर त्या सीएसव्ही (आकड्यांमध्ये स्वल्पविराम असलेली साधी फाइल) म्हणून साठवा आणि अशा वाचा:

लोड(न्यूमेरिकलआयओ)$
एम : रीड_मॅट्रिक्स("सी:/डेटा/विहीर.सीएसव्ही")$
टी : ट्रान्सपोज(एम)[१]$
डी : ट्रान्सपोज(एम)[२]$

पत्त्यातली तिरकी रेघ पुढे झुकलेली आहे, ते पाहा. विंडोज उलटी, मागे झुकलेली रेघ दाखवते. मॅक्सिमात अवतरणाच्या आत उलटी रेघ म्हणजे 'पुढचे अक्षर वेगळे समज' अशी खूण, म्हणून ती गिळली जाते आणि फाइल सापडत नाही. पत्ता चिकटवलात तर सगळ्या रेघा हाताने बदला.

मॅट्रिक्सचा, म्हणजे ओळी-स्तंभांच्या तक्त्याचा, पहिला स्तंभ काढायला 'कॉल(एम, १)' ही आज्ञाही आहे आणि नाव पाहून सगळे तीच वापरतात. पण तिचे उत्तर यादी नसते, एका स्तंभाचा मॅट्रिक्स असतो. तो डिस्क्रीटला दिला की त्रुटी येते. ट्रान्सपोज (टी-आर-ए-एन-एस-पी-ओ-एस-ई) स्तंभांच्या ओळी करते, आणि मॅट्रिक्सची ओळ चौकोनी कंसाने मागितली की साधी यादी मिळते. मॅक्सिमात मोजणी १ पासून होते, ० पासून नाही.

फाइल वाचली जाते पण आलेख येत नाही, असे झाले तर आज्ञेवर संशय घेण्याआधी 'एम' छापून डोळ्यांनी पाहा. बहुतेक वेळा दोष पुढच्यांपैकी एकात सापडतो.

वर मथळ्याची ओळ राहिलेली असते. एकतर स्प्रेडशीटमध्येच ती काढून टाका, नाहीतर 'सबमॅट्रिक्स(१, एम)' वापरा, पहिली ओळ गळते. साठवताना यूटीएफ-८ असलेला सीएसव्ही पर्याय निवडला तर फाइलीच्या तोंडाशी एक न दिसणारी खूण चिकटते आणि पहिला आकडा बिघडतो. आकडेच असतील तर साधा सीएसव्ही घ्या.

हजाराचा स्वल्पविराम हा दुसरा चोर. सोयाबीनचे भाव ४,३५० असे लिहिलेले असतील तर स्प्रेडशीट त्यांना अवतरणात घालून साठवते. मॅक्सिमा त्याला संख्या न मानता अक्षरांचा तुकडा मानते. स्तंभाचे स्वरूप बदलून स्वल्पविराम काढा, मगच साठवा.

रिकामा रकाना, म्हणजे दोन स्वल्पविराम लागोपाठ आले, तर मॅक्सिमा तिथे 'फॉल्स' भरते. त्या दिवशी मोजले नसेल तर ती ओळच काढा. शून्य भरू नका. शून्य म्हणजे पाणी थेट काठाला लागले असा अर्थ होतो. तारखांचा स्तंभ तर फाइलीत ठेवूच नका. पहिल्या नोंदीपासूनचे दिवस किंवा तास स्प्रेडशीटमध्ये मोजून तोच आकडा ठेवा.

सूत्र बसवणे

इथून पुढे खरे काम. विहिरीत पाणी येण्याचा वेग उरलेल्या तुटीच्या प्रमाणात असेल, तर तूट घातांकी पद्धतीने घटते: सुरुवातीची तूट गुणिले ई चा उणे के-टी घात (ई म्हणजे २.७१८... ही संख्या, टी म्हणजे तास, आणि के हा आपल्याला काढायचा विहिरीचा स्थिरांक). हे खरे आहे का ते पाहायचे तर तुटीचा लॉगॅरिदम घेऊन बिंदू काढा. सरळ रेषेत आले तर सूत्र लागू.

वाय : मॅप(लॉग, एस)$
डब्ल्यूएक्सप्लॉट२डी([डिस्क्रीट, टी, वाय], [स्टाइल, पॉइंट्स]);

मॅक्सिमाचा 'लॉग' नैसर्गिक आहे, शाळेतला १० च्या पायाचा नाही. जुन्या पुस्तकातल्या सूत्रापेक्षा उत्तर २.३०३ पटीने वेगळे येत असेल तर कारण हेच. शिवाय तूट शून्य झालेली नोंद यादीत असेल तर लॉग काढता येत नाही, ती आधी वगळा.

आता रेषा:

लोड(एलस्क्वेअर्स)$
रॅटप्रिंट : फॉल्स$
एन : ट्रान्सपोज(मॅट्रिक्स(टी, वाय))$
फ्लोट(एलस्क्वेअर्स_एस्टिमेट्स(एन, [पी, क्यू], क्यू = ए + बी*पी, [ए, बी]));

स्पेलिंग: एल-एस-क्यू-यू-ए-आर-ई-एस, अंडरस्कोर, ई-एस-टी-आय-एम-ए-टी-ई-एस. या आज्ञेला यादी चालत नाही, मॅट्रिक्सच लागतो, म्हणून आधी 'एन' बनवला. 'रॅटप्रिंट' बंद केले नाही तर अमुक दशांशाऐवजी अमुक अपूर्णांक घेतला, अशा सूचनांनी पडदा भरून जातो. त्या निरुपद्रवी आहेत. 'फ्लोट' न लावल्यास उत्तर दहा-बारा अंकी अंश-छेदात येऊ शकते, कारण मॅक्सिमाला अचूक अपूर्णांक आवडतात.

समीकरणात पी आणि क्यू ही नवी अक्षरे का घेतली? टी आणि वाय मध्ये आधीच याद्या भरल्या आहेत. समीकरणात टी लिहिले असते तर मॅक्सिमाने तिथे आठ आकड्यांची अख्खी यादी ठेवली असती आणि भलतीच त्रुटी आली असती. एखादे अक्षर मोकळे करायचे असेल तर 'किल(टी)', सगळे पुसायचे असेल तर 'किल(ऑल)'. काल चालणारी आज्ञा आज चालत नसेल तर किल(ऑल) करून वरपासून एकेक चालवा. बरेचदा तेवढ्यानेच सुटते.

उत्तर येते ते असे: ए सुमारे १.१६२ आणि बी सुमारे -०.१६१५. ए म्हणजे सुरुवातीच्या तुटीचा लॉग. ई चा १.१६२ घात ३.२० येतो, म्हणजे मोजलेल्या ३.२० मीटरशी जुळला. बी म्हणजे उणे के, म्हणून के ०.१६१५ प्रति तास. दोनच्या लॉगला याने भागले की ४.३ येतात: दर ४.३ तासांनी उरलेली तूट निम्मी होते.

बिंदू आणि सूत्र आता एकत्र:

डब्ल्यूएक्सप्लॉट२डी([[डिस्क्रीट, टी, एस], ३.२*एक्सप(-०.१६१५*एक्स)], [एक्स, ०, १४], [स्टाइल, पॉइंट्स, लाइन्स], [लेजेंड, "मोजलेले", "सूत्र"], [एक्सलेबल, "तास"], [वायलेबल, "तूट, मीटर"]);

कंस मोजून घ्या. बाहेरच्या चौकोनी कंसात दोन गोष्टी आहेत, बिंदूंची जोडी आणि सूत्र. स्टाइल आणि लेजेंडमध्येही (आलेखावरच्या खुणांची नावे) त्याच क्रमाने दोन-दोन. क्रम उलटला तर सूत्र ठिपक्यांत आणि नोंदी रेषेत येतात. सूत्रात 'ई' लिहून घात घातला तर मॅक्सिमा त्याला साधे अक्षर समजते. एकतर 'एक्सप' वापरा किंवा ई च्या आधी टक्क्याची खूण द्या. गुणाकाराची खूण सोडू नका. वहीत ३ एक्स लिहिलेले चालते, इथे मध्ये तारा लागतोच.

आज्ञा इंग्रजीत असली तरी अवतरणातली लेबले मराठीत लिहिता येतात. त्यांच्या जागी चौकोन दिसले किंवा जोडाक्षरे फुटली, तर दोष नूप्लॉटने निवडलेल्या फॉन्टचा. त्यावर सोपी वाट म्हणजे शेवटी [एसव्हीजी_फाइल, "सी:/डेटा/विहीर.एसव्हीजी"] हा पर्याय जोडणे, अशा वेळी पुढे 'डब्ल्यूएक्स' न लावता साधे प्लॉट२डी वापरा. या प्रकारच्या फाइलीत मजकूर अक्षरे म्हणूनच राहतो आणि ब्राउझर तो आपल्या फॉन्टने दाखवतो. वर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपसाठी 'पीएनजी_फाइल' घ्या. दोन्हीकडे पूर्ण पत्ता द्या, नाहीतर फाइल कुठे गेली ते शोधत बसावे लागते.

के वरून पाणी

विहिरीचा व्यास ६ मीटर असेल तर तोंडाचे क्षेत्रफळ २८.२७ चौरस मीटर. याला ०.१६१५ ने गुणले की ४.५७ येतात. म्हणजे प्रत्येक मीटर तुटीमागे विहीर तासाला सुमारे ४.५७ घनमीटर, ४,५७० लिटर पाणी देते. तूट ३ मीटर असताना तासाला साधारण १३,७०० लिटर. याहून जास्त उपसणारी मोटर बसवली तर ती पातळी खाली खाली नेणार. चौकोनी विहिरीला लांबी गुणिले रुंदी घ्या. खाली निमुळती होत जाणारी असेल तर पाणी ज्या भागात चढ-उतार करते तिथले माप घ्या, काठावरचे नाही.

फरक तपासणे

सूत्राची रेषा बिंदूंवरून गेलेली दिसली की बहुतेक जण थांबतात. थांबू नका, फरकांचा आलेख काढा:

आर : मेकलिस्ट(एस[आय] - ३.२*एक्सप(-०.१६१५*टी[आय]), आय, १, लेंग्थ(टी))$
डब्ल्यूएक्सप्लॉट२डी([डिस्क्रीट, टी, आर], [स्टाइल, पॉइंट्स]);

नमुन्याच्या आकड्यांत सगळे फरक एका सेंटिमीटरच्या आत आहेत; खऱ्या विहिरीवर खडू लावलेल्या टेपने दोन-तीन सेंटिमीटर सुटतातच. त्यांचा आकार काय म्हणतो ते पाहायचे. शून्याच्या वरखाली कसेही विखुरले असतील तर ती मोजण्याची कसर. शेवटच्या नोंदींवर फार भरवसा ठेवू नका: ३.२० मीटरमध्ये दोन सेंटिमीटरची चूक अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त, तर ०.४६ मध्ये तीच चार टक्क्यांच्या वर, आणि लॉग घेतल्यावर ती रेषेला ओढते.

फरक आधी वर, मग खाली, पुन्हा वर अशी कमान धरत असतील तर सूत्रच अपुरे आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या विहिरींत असे होण्याचे एक कारण डोळ्यांनी दिसते. भिंतीतला झरा पाण्याच्या वर उघडा असेल तोवर त्याची धार एकसारखी पडत राहते, खाली पाणी किती आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. त्या वेळात तुटीचा साधा आलेख सरळ रेषेत उतरतो. पाणी झऱ्यावर चढले की धार मंदावू लागते आणि तिथून पुढे घातांकी सूत्र लागू होते. मग यादी दोन तुकड्यांत तोडा, पहिल्या भागाला साधी सरळ रेषा आणि दुसऱ्याला लॉगची बसवा. रेषा जिथे बदलते ती खोली वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोटर चालवून पाणी उतरले की टेप त्याच खोलीपर्यंत सोडून पाहा, झरा तिथेच सापडतो का ते.